वाचकांचे प्रश्न : काट्यावर हुकलेला पट्टा

मुष्टियुद्धाविषयीच्या पत्रांमध्ये या वेळी अमेरिकेचा तरुण खेळाडू किशॉन डेव्हिस याचे नाव सर्वाधिक वेळा आले. त्याच्या निमित्ताने लाइटवेट, म्हणजे १३५ पौंडांच्या गटाचे पुढे काय होणार, हाही प्रश्न अनेकांनी विचारला आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : किशॉन डेव्हिसने एकही ठोसा न खाता जागतिक विजेतेपदाचा पट्टा गमावला. ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवलेल्या, व्यावसायिक मुष्टियुद्धात एकदाही न हरलेल्या खेळाडूला साधे वजन सांभाळता येऊ नये, हा निव्वळ बेजबाबदारपणा नव्हे काय? (एक वाचक, अकोला)

आपला राग मला समजतो, कारण तो या खेळावरच्या प्रेमातून आलेला आहे. परंतु आपल्या वाक्यातील 'साधे' हा शब्द मला मान्य नाही.

आधी घडले काय ते पाहू. डेव्हिस हा व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक या बंदराच्या शहरातला. १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता आणि पुढे लाइटवेटचा निर्विवाद विजेता झालेला पर्नेल व्हिटेकर याच गावचा, त्यामुळे तेथील माणसांना चांगला मुष्टियोद्धा कसा असतो हे शिकवावे लागत नाही. डेव्हिसने टोकियो ऑलिंपिकमध्ये ६३ किलो गटाची अंतिम फेरी गाठली आणि तेथे क्यूबाच्या अँडी क्रूझकडून तो हरला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नाट्यगृहात त्याने युक्रेनच्या डेनिस बेरिन्चिकला चौथ्या फेरीत पोटावरच्या ठोशाने खाली बसवले आणि 'डब्ल्यूबीओ' या संघटनेचा पट्टा मिळवला (जागतिक विजेतेपदाचे असे पट्टे चार संघटना देतात; बाकीच्या तीन म्हणजे 'डब्ल्यूबीए', 'डब्ल्यूबीसी' आणि 'आयबीएफ'). पहिला बचाव ७ जूनला, घरच्याच नॉरफोकमध्ये, डॉमिनिकन खेळाडू एडविन दे लोस सांतोस याच्याविरुद्ध ठरला होता. आदल्या दिवशी तो काट्यावर उभा राहिला तेव्हा आकडा आला १३९.३ पौंड. मर्यादा १३५ ची, म्हणजे ६१.२३ किलोची. सव्वाचार पौंडांहून थोडे अधिक, आपल्या मापात जवळजवळ दोन किलो जास्त. पट्टा तेथेच गेला आणि सामनाही रद्द झाला.

यात जबाबदारी कोणाची, असे विचाराल तर ती खेळाडूची आणि त्याच्या चमूची, याबद्दल दुमत नाही. प्रतिस्पर्ध्याने ठरलेल्या वजनासाठी आठवडेच्या आठवडे पोट मारलेले असते, लोकांनी तिकिटे काढलेली असतात, त्याच कार्यक्रमात उतरणाऱ्या इतर खेळाडूंच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. शिवाय डेव्हिसला हा अनुभव दुसऱ्या बाजूनेही आला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच नॉरफोकमध्ये अर्जेंटिनाचा गुस्तावो लेमोस त्याच्यासमोर मर्यादेपेक्षा सहा पौंडांहून अधिक वजन घेऊन आला होता. डेव्हिसने तरीही लढायचे ठरवले आणि दुसऱ्याच फेरीत सामना संपवला. जड प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने सात महिन्यांपूर्वी अनुभवले, त्याच्याकडूनच तशी चूक व्हावी, याचे मलाही वाईट वाटले.

पण बेजबाबदारपणा हे कारण मानले की शोध तेथेच थांबतो. माझ्या मते खरे कारण त्याच्या शरीरात आहे. विशी ओलांडून पंचविशीकडे जाताना माणसाची हाडे आणि स्नायू भरत असतात. बाविसाव्या वर्षी ६३ किलोंच्या गटात लढणाऱ्या खेळाडूने सव्विसाव्या वर्षी, आणखी स्नायू चढल्यावर, ६१ किलोंत बसावे अशी अपेक्षा होती. व्यावसायिक खेळात हे चालते, कारण वजन आदल्या दिवशी होते आणि एरवी सहा-सात किलो जास्त असलेला खेळाडू शेवटच्या आठवड्यात अंगातले पाणी काढून काट्यावर हलका दिसू शकतो. हे एकदा जमते, दहादा जमते, आणि एके दिवशी शरीर पाणी सोडायचे नाकारते. मग बाष्पस्नान घ्या, गरम पाण्यात बसा, प्लॅस्टिकचे जाकीट घालून दोरीवर उड्या मारा, घामच येत नाही. काटा जागचा हलत नाही. जादा वजन उतरवण्यासाठी नियमाप्रमाणे साधारण दोन तास मिळतात, पण आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून त्या वेळात दोन किलो काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि कोणी ते काढलेच तर दुसऱ्या दिवशी त्याने डोक्यावर ठोसे खाऊ नयेत असे मी म्हणेन.

म्हणून मी या घटनेकडे उशिरा घेतलेल्या निर्णयाचा परिणाम म्हणून पाहतो. बेरिन्चिकला हरवल्यानंतर लगेच, पट्टा हातात असतानाच, वरच्या गटात जायचे ठरले असते तर तो नॉरफोकला मानाने गेला असता. पट्टा सोडवत नाही, पहिला बचाव गावात करायचा मोह आवरत नाही, हे मानवी आहे. परंतु खेळाडूभोवती चार वडीलधारी माणसे असतात ती अशा वेळी 'नाही' म्हणण्यासाठीच.

प्रश्न : वजन आदल्या दिवशी घेतल्यामुळेच ही सगळी फसवाफसवी होते. सामन्याच्या दिवशीच वजन का घेत नाहीत? (एक विद्यार्थी, पुणे)

पूर्वी ते सामन्याच्या दिवशीच घेत असत. ते बदलले, आणि त्या काळाच्या चर्चेत एका लाइटवेट सामन्याचे नाव नेहमी येते. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक-कू यांच्यात 'डब्ल्यूबीए'च्या पट्ट्यासाठी लढत झाली. किमला वजन उतरवताना फार कष्ट पडले होते. चौदाव्या फेरीत तो कोसळला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर 'डब्ल्यूबीसी'ने विजेतेपदाचे सामने पंधरावरून बारा फेऱ्यांचे केले, बाकीच्या संघटना पुढे त्या मार्गाने गेल्या, आणि त्याच काळात वजन आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रूढ झाली. त्यामागचा विचार असा होता की, वजन उतरवताना शरीरातून गेलेले पाणी भरून काढायला खेळाडूला एक दिवस तरी मिळावा. मेंदूभोवतीचा द्रव कमी झालेला असताना डोक्यावर आघात होणे धोक्याचे असते, ही भीती रास्तच होती.

मात्र त्या एका दिवसाच्या सवलतीचा उपयोग सगळ्यांनी आणखी खाली उतरण्यासाठी केला. पूर्वी जो दोन किलो काढत असे तो आता सहा काढू लागला, कारण भरून काढायला वेळ आहे! यावर काही उपाय झाले आहेत. 'आयबीएफ' विजेतेपदाच्या सामन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून अधिक वाढ चालू देत नाही. 'डब्ल्यूबीसी' तीस दिवस आणि सात दिवस आधीच्या वजनांची नोंद मागते व त्या वेळी खेळाडू मर्यादेच्या अनुक्रमे दहा आणि पाच टक्क्यांच्या आत असावा अशी अट घालते. मला ही दुसरी पद्धत अधिक पटते. महिनाभर आधीच आकडा दिसला की, शेवटच्या रात्री चमत्कार घडवण्याची वेळ येत नाही.

फसवाफसवीचा आपण उल्लेख केला आहे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ७ मे २००५ रोजी दिएगो कोरालेस आणि मेक्सिकोचा होसे लुईस कास्तियो यांच्यात लाइटवेटमधील सर्वोत्तम मानला जाणारा सामना झाला. दहाव्या फेरीत दोनदा खाली पडलेल्या कोरालेसने त्याच फेरीत उठून कास्तियोला हरवले. ऑक्टोबरमध्ये दुसरी लढत ठरली तेव्हा कास्तियोचे वजन मर्यादेत येईना, आणि त्याच्या चमूतील डॉक्टर काट्याखाली पायाने टेकू देताना पकडला गेला. कास्तियो साडेतीन पौंड जड होता. सामना विनापट्ट्याचा झाला, तो त्याने चौथ्या फेरीत जिंकला आणि त्या विजयाला कोणी मान दिला नाही. जून २००६ मध्ये तिसरी लढत होती. तेव्हा तो साडेचार पौंड जास्त भरला आणि कोरालेसने लढायला नकार दिला. एकदा वजन चुकले तेव्हाच कास्तियोने १४० पौंडांचा रस्ता धरला असता, तर त्याचे नाव आज वेगळ्या सुरात घेतले गेले असते.

प्रश्न : डेव्हिस संपला असे समजायचे का? (एक वाचक, मिरज)

मुळीच नाही. तो १४० पौंडांच्या गटात गेला आहे, आणि ते पाच पौंड त्याच्या पायांत आणि श्वासात दिसतील असे मला वाटते. दाखलाच हवा असेल तर टिओफिमो लोपेझचा घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये लाइटवेटमध्येच त्याने वयाच्या २३ व्या वर्षी युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोसारख्या खेळाडूला हरवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज कांबोसोसने पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडले आणि विभागलेल्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर, सगळे पट्टे काढून घेतले. छातीच्या पोकळीत हवा शिरलेल्या अवस्थेत तो त्या रात्री लढला, असे नंतरच्या तपासणीत निघाले. लोक म्हणाले, संपला. जून २०२३ मध्ये त्याने १४० पौंडांत जोश टेलरला हरवून पुन्हा विजेतेपद मिळवले.

प्रश्न : मग लाइटवेट गटात उरले कोण? पूर्वीसारखा एकच निर्विवाद विजेता आता दिसेल का? (एक वाचक, सोलापूर)

लाइटवेट हा गट मला नेहमी एखाद्या जंक्शनसारखा वाटत आला आहे. १३० पौंडांतून आलेली गाडी येथे थांबते आणि बहुतेक वेळा १४० कडे निघून जाते. जून २०२२ मध्ये डेव्हिन हॅनीने मेलबर्नला कांबोसोसला हरवून चारही संघटनांचे पट्टे एकत्र आणले, म्हणजे तो निर्विवाद विजेता झाला, मे २०२३ मध्ये लोमाचेन्कोविरुद्ध ते अगदी थोडक्यात राखले, आणि त्याच वर्षी तो वरच्या गटात गेला. चार पट्टे चार दिशांना गेले. 'डब्ल्यूबीसी'चा शकूर स्टीव्हनसनकडे, 'आयबीएफ'चा लोमाचेन्कोकडे, 'डब्ल्यूबीओ'चा बेरिन्चिककडे, आणि 'डब्ल्यूबीए'चा जर्वोंटा डेव्हिसकडे (हा किशॉनचा नातेवाईक नव्हे, बाल्टिमोरचा खेळाडू आहे). लोमाचेन्को २०२५ मध्ये निवृत्त झाला आणि त्याचा पट्टा कॅलिफोर्नियाच्या रेमंड मुराटालाकडे आला. स्टीव्हनसनने जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम झेपेडाच्या ठोशांच्या पावसात उभे राहून एकमताचा निर्णय मिळवला. बचाव करत पळतो, हा त्याच्यावरचा आक्षेप त्या रात्री त्याने स्वतः खोडून काढला आणि मग त्याचीही नजर १४० कडे वळली. जर्वोंटाने मार्च २०२५ मध्ये ब्रुकलिनला खालच्या गटातून आलेल्या लॅमोंट रोचबरोबर बरोबरी केली. त्या सामन्याच्या नवव्या फेरीत तो स्वतःहून गुडघ्यावर बसला, तरी पंचाने ते 'नॉकडाउन', म्हणजे खाली पडणे, धरले नाही. ते धरले असते तर पट्टा रोचकडे गेला असता. नियमाच्या दृष्टीने ती चूक होती असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुढचे नाव. किशॉनने काट्यावर गमावलेला 'डब्ल्यूबीओ'चा पट्टा २२ नोव्हेंबर २०२५ रोजी रियाधमध्ये अब्दुल्ला मेसन या क्लीव्हलँडच्या २१ वर्षांच्या डावखुऱ्या खेळाडूने इंग्लंडच्या सॅम नोक्सला हरवून मिळवला. या मुलाकडे पाहताना मला नॉरफोकची ती २०२४ च्या नोव्हेंबरची रात्रच आठवते. किशॉनने लेमोसला हरवले त्याच कार्यक्रमात मेसन योहान वास्केझविरुद्ध लढत होता. पहिल्या फेरीत तो दोनदा खाली पडला. पहिल्यांदा उठला तेव्हा त्याने आपल्या कोपऱ्याकडे पाहिलेही नाही, लगेच ठोशांच्या देवघेवीत शिरला आणि पुन्हा पडला. त्यातून सावरून त्याने वास्केझलाही पाडले आणि दुसऱ्या फेरीत सामना संपवला. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. चित्रफीत पाहताना मी मात्र त्याच्या डाव्या पायाकडे बघत होतो. ठोसा मारून झाल्यावर तो मागे येत नाही, हनुवटी वरच राहते आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रत्युत्तरादाखल मारलेला हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, नेमका तेथे पोचतो. वर्षभराने नोक्सविरुद्ध पूर्ण बारा फेऱ्या लढताना हा दोष बराच कमी झालेला दिसला. तीनपैकी दोन पंचांनी त्याला ११५-११३ असे जेमतेम पुढे ठेवले, आणि हे मला त्याच्या भल्याचेच वाटते. पहिल्या वीस लढतींत ज्याला कोणी दमवले नाही, त्याला बाराव्या फेरीतला श्वास ठाऊक नसतो.

मेसन, मुराटाला आणि टोकियोचा सुवर्णविजेता अँडी क्रूझ या तिघांभोवती पुढची दोन वर्षे हा गट फिरेल असा माझा अंदाज आहे. क्रूझ हा हौशी मुष्टियुद्धात किशॉनला सातत्याने भारी पडलेला खेळाडू. पायांचे काम त्याच्याइतके सुंदर आज या गटात कोणाचेच नाही. फक्त तिशीत पोचलेल्या क्यूबन खेळाडूंना व्यावसायिक लढतींचा लांब पल्ला उशिरा मिळतो, ही त्याची अडचण. टेक्सासचा फ्लॉइड स्कोफील्डही विसरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये रियाधला स्टीव्हनसनविरुद्धच्या लढतीआधी तो रुग्णालयात दाखल झाला आणि त्याची मोठी संधी हुकली, पण जूनमध्ये त्याने टेव्हिन फार्मरसारख्या माजी विजेत्याला पहिल्याच फेरीत हरवले.

एकच निर्विवाद विजेता दिसेल का, याचे माझे उत्तर 'इतक्यात नाही' असे आहे. त्यासाठी दोन-तीन वर्षे याच वजनात राहू शकणारा खेळाडू लागतो. मेसन अजून वाढत आहे. त्याच्या चमूने किशॉनचा जून महिना नीट पाहिला असेल अशी मला आशा आहे.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि जिल्हा पातळीवर मुष्टियुद्ध खेळतो. स्पर्धेला दहा दिवस असताना त्याला अडीच किलो कमी करून खालच्या गटात उतरायला सांगितले आहे. तो जेवत नाही, रात्री पाणी मागतो आणि मी द्यावे की नाही हे मला कळत नाही. (एक आई, नाशिक)

ताई, पाणी द्या. बाकीचे उत्तर त्यानंतर वाचा.

व्यावसायिक खेळाडूंचे वर जे लिहिले ते आपल्या मुलाला लागू नाही. त्यांना वजनानंतर एक दिवस मिळतो. हौशी स्पर्धेत वजन सामन्याच्या दिवशीच सकाळी होते आणि काही तासांत मुलगा रिंगणात असतो, शिवाय पुढची फेरी जिंकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली ते कुस्तीतल्या अशाच दुसऱ्या दिवसाच्या वजनामुळे. रात्रभर व्यायाम करून, केस कापूनही ते शंभर ग्रॅम गेले नाहीत. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मार्गदर्शक सोबत असलेल्या अनुभवी खेळाडूची ही कथा. वाढत्या वयाच्या मुलाकडून, घरच्या घरी, ते करवून घेऊ नये.

मी अनेक वर्षे मुलांना शिकवले आहे आणि एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका राज्यस्तरीय स्पर्धेला आम्ही एसटीने गेलो होतो. पहाटे साडेपाचला आमच्या एका मुलाचे वजन चारशे ग्रॅम जास्त भरले. त्याला स्वेटरवर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तोंडात आवळ्याची सुपारी धरून तो स्टीलच्या पेल्यात थुंकत होता, आणि थुंकीही येईनाशी झाली होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी टॉवेलच्या आडोशाला सगळे कपडे काढून तो काट्यावर उभा राहिला आणि वजन बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडेअकराला त्याची लढत होती. पहिली फेरी त्याने जिंकली. दुसऱ्या फेरीत त्याचे हात वर राहीनात, आणि ज्याला तो एरवी सहज हरवायचा त्या मुलाने त्याला मोकळेपणाने मारले. पंचांनी लढत थांबवली म्हणून पुढचे टळले. रेनकोट मी घातला होता. ती चूक माझी होती, आणि त्या मुलाच्या आईला मी ते नीट सांगूही शकलो नाही.

म्हणून आपल्याला स्पष्ट सांगतो. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, पोटभर जेवण आणि पुरेसे पाणी चालू असताना आठवडाभर त्याचे जे वजन भरते तेच त्याचे वजन. त्याच्या जवळचा, शक्यतो वरचा गट हाच त्याचा गट. प्रशिक्षकांना भेटा, शांतपणे बोला, आणि वजनाची ती आठ दिवसांची नोंद वहीत लिहून सोबत न्या. वरच्या गटात तो कदाचित पहिल्याच फेरीत हरेल. सोळाव्या वर्षी वरच्या गटात हरलेला मुलगा दोन वर्षांनी त्याच वजनात घट्ट उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलाला चक्कर येत असेल, लघवी गडद किंवा फार कमी होत असेल, तर स्पर्धेचा विचार बाजूला ठेवून त्याला आजच डॉक्टरांकडे न्या. आणि त्याचे वजन कितीही भरो, ही स्पर्धा त्याने ठरल्या दिवशी नाश्ता करूनच खेळावी.